सल्ला देणाऱ्याची जबाबदारी कुठपर्यंत?

सांजपावली (मूळ लेखन)

गेले काही दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे. थोडं लांबेल.

तीन वर्षांपूर्वी एका जवळच्या मैत्रिणीने फोनवर विचारलं होतं, "नोकरी सोडू का?" तिचा साहेब चारचौघांत तिचा पाणउतारा करायचा, रात्र रात्र झोप नव्हती, रविवारी दुपारपासूनच तिच्या पोटात गोळा यायचा. फोनवर ती रडत होती. पुढे तिने नोकरी सोडली, बरेच दिवस घरी होती, मग दुसरी मिळाली, एवढं मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात आम्ही निवांत भेटलो. बोलता बोलता ती म्हणाली, "तू म्हणाली होतीस ना, तुझ्यासारखीला महिन्याभरात दुसरी मिळेल, तेच धरून बसले होते गं मी." दुसरी नोकरी मिळायला तिला चौदा महिने लागले. साठवलेलं सगळं संपलं, घरच्यांसमोर मान खाली गेली.

मला फोन आठवत होता. ते वाक्य आठवतच नव्हतं. तिला ते शब्दन्‌शब्द पाठ होतं.

तिने दोष दिला नाही. "विचारलं मीच होतं, सोडलीही मीच," म्हणाली. पण तेव्हापासून मी त्या 'महिन्याभरात'वर अडकले आहे. कशाच्या जोरावर म्हटलं मी ते? तिच्या क्षेत्रात नोकऱ्या कशा मिळतात ते मला ठाऊक नव्हतं. घर कोणाच्या पगारावर चालतं, शिल्लक किती आहे, मी विचारलंसुद्धा नाही. मला तिचं रडणं ऐकवत नव्हतं, म्हणून जे बोलल्याने ते थांबेल ते मी बोलले.

आता कोणी काही विचारलं की जीभ अडखळते. सल्ला देणाऱ्यावर नेमकी किती जबाबदारी येते? आणि मागणाऱ्यावर काहीच नसते का? अनुभव वाचायला आवडतील.

---

पाऊलखुणा

खूप प्रामाणिकपणे लिहिलं आहेस. माझ्या मते निर्णय शेवटी घेणाऱ्याचाच. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' हे उगीच म्हणत नाहीत. इतकं मनाला लावून घेऊ नकोस.

---

सांजपावली

धन्यवाद. पण ती म्हण ऐकणाऱ्यासाठी आहे ना? बोलणाऱ्याने तिच्या आड उभं राहावं, हे पटत नाही.

---

किनारा

मी सोळा वर्षं समुपदेशनाचं काम करते. शिकायला गेले तेव्हा वाटलं होतं, लोकांना काय सांगायचं ते शिकवतील. पहिलं वर्षभर शिकवलं ते सांगायचं कसं नाही, हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली समुपदेशनाची जी दिशा मांडली, तिचा गाभा असा की समोरच्याचं आयुष्य समोरच्यालाच सर्वांत जास्त ठाऊक असतं. ऐकणाऱ्याने त्याला स्वतःचं ऐकू येईल इतकी शांत जागा करून द्यायची. मला तेव्हा ही पळवाट वाटायची. दोन-तीन वर्षांनी कळलं की बोलण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांचं काम वाचलं. दारूचं व्यसन असलेल्या लोकांबरोबर काम करताना त्यांना दिसलं की समुपदेशक 'सोडाच' म्हणून जितका जोर लावतो, तितका समोरचा न सोडण्याची कारणं शोधत जातो. त्यांनी १९८३ मध्ये यावर लिहिलं आणि त्यातून पुढे संवादाची एक पूर्ण पद्धत तयार झाली. ऐकणाऱ्याच्या मनात उसळणाऱ्या, समोरच्याचं आयुष्य लगेच दुरुस्त करून टाकायच्या ऊर्मीला त्या पद्धतीत वेगळं नाव आहे, कारण ती आवरणं हाच पहिला धडा असतो. ही ऊर्मी मायेतूनच येते. सांजपावली, तुझ्याकडून झालं ते हेच. दुष्टपणा त्यात कुठेच नाही.

काही सांगायचंच असेल तर आधी विचारायचं: "याबद्दल तुला काय काय माहीत आहे?" मग: "मला एक गोष्ट माहीत आहे, सांगू का?" मग सांगायचं, थोडक्यात. आणि शेवटी: "हे तुझ्या बाबतीत कितपत लागू पडतं?" वाचायला अगदी साधं वाटतं. घरच्या माणसाशी बोलताना पाळून बघा. मला अजूनही जमत नाही.

---

उत्तररंग

किनाराताई, तुमच्या शिक्षणाबद्दल आदर आहे, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे.

मी आज पासष्टीत आहे. चाळिशीत मी पीत होतो. रोज. आजूबाजूला सगळी समंजस माणसं होती. "तुमचं तुम्ही बघा", "तुम्हाला कळतंच की", "आम्ही काय सांगणार". सगळ्यांनी माझ्या स्वातंत्र्याचा मान राखला आणि मी बुडत राहिलो.

एक सहकारी होता, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. एका संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, तुमची मुलगी तुमच्याशी बोलायची थांबली आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का?" मी त्याला काय वाटेल ते बोललो. तो ऐकून घेऊन म्हणाला, "थांबवा आता. ठरवायला वेळ उरलेला नाही." परवानगी मागितली नाही, मला काय माहीत आहे ते विचारलं नाही. त्याने ते वाक्य गिळलं असतं तर आज हे लिहायला मी नसतो.

गप्प बसणंही कृतीच आहे. बोलून चुकलेला निदान पकडला जातो. न बोलून चुकलेला सभ्य म्हणून मिरवतो. सांजपावली, तू बोललीस. चुकलं असेल, पण 'आता बोलणारच नाही' असं ठरवू नकोस.

---

गंधार

उत्तररंगकाका, +१. शेवटची ओळ विशेष.

---

किनारा

काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. एक विचारू का? तो सहकारी तेवढं बोलून निघून गेला का?

---

उत्तररंग

नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात उभा होता. रजा टाकून आला होता. डॉक्टरांकडे तोच घेऊन गेला. पुढचे चार महिने दर गुरुवारी आला. मधे मी एकदा घसरलो, तेव्हाही आला आणि काही बोलला नाही, नुसता बसून राहिला.

तुम्ही कुठे नेता आहात ते कळलं. हो, हे आधी लिहायला हवं होतं.

---

मोजपट्टी

इथे दोन अभ्यास आठवले.

पहिला २०१४ चा, इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांचा. जोडीदाराने विश्वासघात केल्याच्या प्रसंगावर लोकांना विचार करायला सांगितला. काहींना तो प्रसंग स्वतःवर आला आहे असं धरायला सांगितलं, काहींना मित्रावर. मित्राबाबत लोकांनी जास्त शहाणपणाने विचार केला: दुसरी बाजू पाहिली, आपल्याला सगळं माहीत नाही हे मान्य केलं. स्वतःबाबत विचार करणारे तोकडे पडले. मात्र स्वतःच्याच प्रश्नाकडे तिऱ्हाइतासारखं पाहायला सांगितल्यावर हा फरक उरला नाही. बायबलमधला सॉलोमन राजा इतरांना न्याय देण्यात शहाणा आणि स्वतःच्या संसारात चुकलेला, म्हणून त्यांनी या विसंगतीला त्याचं नाव दिलं. आपल्याकडे 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' हे टोमणा म्हणून वापरतात. मला वाटतं, ती माणसाच्या मनाची ठेवणच आहे आणि तिचा उपयोग करून घेता येतो. कोणाला विचारण्याआधी स्वतःचा प्रश्न कागदावर नाव बदलून, 'ती' म्हणून लिहून काढायचा. मी गेली दोन वर्षं हे करतो. निम्म्या वेळा कोणाला विचारायची गरजच उरत नाही.

दुसरा २०१९ चा, लॉरेन एस्क्राइस-विंकलर आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेतल्या सुमारे २००० शालेय विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांच्याहून लहान मुलांना अभ्यासाबद्दल सल्ला द्यायला सांगितलं. काही मिनिटांचंच काम. त्या सत्रात सल्ला देणाऱ्यांचेच गुण थोडे सुधारले. सल्ला देताना माणसाचा स्वतःवरचा विश्वास वाढतो. मुलांसाठी हे छानच आहे. पण मोठ्या माणसांनी स्वतःला विचारायला हवं: मी बोलतो आहे ते समोरच्याला हवं आहे म्हणून, की बोलल्यावर मला बरं वाटतं म्हणून?

---

सांजपावली

मोजपट्टी, तुमचं शेवटचं वाक्य लागलं. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं होतं, हे आता स्पष्ट आठवतंय.

---

अर्धवर्तुळ

मी मागणाऱ्यांच्या बाजूने लिहिते, कारण मी त्या बाजूला चुकले आहे आणि हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात माझं आणि भावाचं बिनसलं. ते गेल्यावर मी पाच जणींना विचारलं, "त्याच्याशी संबंध ठेवू की नको?" प्रत्येकीला सांगितलं की सात महिन्यांत तो फक्त दोनदा आला. हे खरं होतं. दुसऱ्या भेटीत मीच त्याला म्हटलं होतं, "तू येऊन त्यांना त्रासच देतोस, येऊ नकोस," हे मी एकीलाही सांगितलं नाही. विसरले नव्हते. प्रत्येक वेळी त्या वाक्यापर्यंत यायचे आणि वळसा घालून पुढे जायचे.

चौघींनी सांगितलं, तोडून टाक. पाचवीने विचारलं, "हीच गोष्ट तो सांगायला बसला तर कशी सांगेल?" मला तिचा इतका राग आला की महिनाभर मी तिला फोन केला नाही. मला सल्ला नकोच होता. निकाल मी आधीच लावला होता, त्यावर सह्या गोळा करत होते.

त्याहून वाईट पुढे झालं. भावाशी वर्षभराने पुन्हा बोलणं सुरू झालं. मी त्याची माफी मागितली, त्याने माझी. पण त्या चौघींच्या मनात तो अजून तसाच आहे. एका समारंभात त्यांच्यापैकी एक त्याच्याशी नीट बोलली नाही. त्याने मला विचारलं, "मी यांचं काय केलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सल्ला मागायच्या नावाखाली मी एका माणसाची अब्रू चार घरांत वाटून आले होते, आणि आपलं म्हणणं मांडायला तो तिथे नव्हता.

म्हणून सांजपावलीच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: मागणाऱ्यावर खूप जबाबदारी असते. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट आधी सांगायची. निदान लपवायची तरी नाही.

---

पाऊलखुणा

अर्धवर्तुळ, हे लिहायला धैर्य लागतं. त्या चौघींना नंतर सांगितलंस का?

---

अर्धवर्तुळ

दोघींना सांगितलं. दोघी बाकी आहेत. एकीला या आठवड्यात सांगेन.

---

रात्रपाळी

अतिदक्षता विभागात नर्स आहे. आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. डॉक्टर सगळं समजावून जातात: अमुक उपचार, तमुक धोका, विचार करून सांगा. मग नातेवाईक कॉरिडॉरमध्ये मला गाठतात: "सिस्टर, तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं?"

सुरुवातीला मी नियमाप्रमाणे सांगायचे, "निर्णय तुमचा आहे." तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी विसरू शकत नाही. आपल्याला एकटं सोडून दिलं, असं काहीतरी. दुसरीकडे, माझं उत्तर म्हणजे माझ्या वडिलांचं उत्तर. माझे वडील नळ्या लावून घेणाऱ्यांतले नव्हते. यांचे कदाचित असतील.

२०११ मध्ये पीटर युबेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांना एक काल्पनिक प्रसंग दिला होता. आतड्याचा कर्करोग आणि दोन शस्त्रक्रिया. एकीत मृत्यूचा धोका थोडा जास्त, दुसरीत मृत्यू कमी पण आयुष्यभराचे त्रास जास्त. स्वतः रुग्ण आहोत असं धरून उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ३८ टक्के डॉक्टरांनी जास्त मृत्यूचा धोका असलेली पहिली निवडली. रुग्णाला काय सुचवाल असं विचारलेल्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांनीच ती सुचवली. म्हणजे 'तुम्ही काय केलं असतं' आणि 'आम्ही काय करावं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी येतात. विचारणाऱ्याला ते एकच वाटतात.

आता मी उलट विचारते, "तुमचे वडील बरे असताना कशात रमायचे?" लोक आधी गोंधळतात, मग बोलू लागतात. एका मुलाने सांगितलं, ते रोज पहाटे चालायला जायचे, कोणाचा आधार घेणं त्यांना खपायचं नाही. सांगता सांगता तो थांबला. त्याचं उत्तर त्याला मिळालं होतं. मी फक्त शेजारी उभी होते. आणि तरीही कोणी "तुमचं मत सांगाच" म्हणून हात धरला तर सांगते. आधी म्हणते, हे माझ्या वडिलांबद्दल आहे. मग सांगते. माणूस इतक्या काकुळतीने विचारत असताना नियमामागे लपणं मला जमत नाही.

---

गंधार

हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

तरी माझी अडचण सांगतो. मित्राने विचारलं आणि मी प्रत्येक वेळी 'तुला काय वाटतं?' म्हटलं, तर तो पुन्हा विचारणार नाही. मित्र आहे तो, माझ्यासमोर पेशंट म्हणून बसलेला नाही. मैत्रीत थोडं आगाऊपणे बोलायचा हक्क असतोच ना?

---

किनारा

असतो. मैत्रीत समुपदेशकाची भाषा कोरडी वाटते, हे खरं आहे. उत्तररंगकाकांच्या सहकाऱ्याने माझ्या पुस्तकातला एकही नियम पाळला नाही आणि तो बरोबर होता. वर्षानुवर्षांची ओळख होती, जे म्हणाला ते स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि बोलण्याची किंमत द्यायला तो दुसऱ्या दिवशी हजर होता. माणूस बुडताना दिसत असेल तर विचारत बसू नये. पण आपल्याला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न तसे नसतात. नोकरी, लग्न, घर, मुलांचं शिक्षण, यांत दोन्ही बाजूंना काहीतरी खरं असतं आणि किंमत पूर्णपणे विचारणाऱ्यालाच मोजावी लागते.

मित्राला इतकं तर नक्की विचारता येतं: "आत्ता नुसतं ऐकू, की माझं मत हवंय?" यात काहीच कोरडं नाही. अनेकदा लोक म्हणतात, नुसतं ऐक.

चॅड वरा नावाच्या धर्मगुरूंनी १९५३ मध्ये लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्या लोकांसाठी फोनसेवा सुरू केली, तीच पुढे 'समॅरिटन्स' झाली. सल्ला द्यायला ते स्वतः बसायचे. त्यांना भेटायला थांबलेल्यांशी बोलत बसायला काही साधे स्वयंसेवक असायचे. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की बाहेर बोलूनच कित्येकांचं मन मोकळं होतं आणि आत यायची गरज राहत नाही. तेव्हा त्यांनी ते काम स्वयंसेवकांकडे सोपवलं. आजही तिथे ऐकणं हेच मुख्य काम आहे.

आणि एक, अर्धवर्तुळच्या निमित्ताने. कोणी विश्वासाने सांगितलेलं आपल्यापाशीच राहायला हवं. 'नाव न घेता' दुसरीकडे सांगितलं तरी चार खुणांवरून माणूस ओळखू येतो. अपवाद एकच: कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. तेव्हा गुप्तता मोडावी आणि शक्यतो ज्याची मोडतो आहोत त्याला सांगून मोडावी.

---

जुनीवही

थोडं अवांतर. अनोळखी माणसांना खाजगी प्रश्न विचारायची रीत आपल्याला आजची वाटते. लंडनमध्ये १६९१ साली जॉन डंटन या प्रकाशकाने एक नियतकालिक काढलं. लोक नाव न देता प्रश्न पाठवत, त्यात प्रेम आणि लग्नाचेही असत. उत्तरं एक विद्वान मंडळ देतं असा देखावा होता. प्रत्यक्षात ती मोजकी तीन-चार माणसं होती.

मला यातली विचारणाऱ्यांची बाजू भिडते. ओळखीच्या कोणालाही जे विचारता येत नव्हतं, ते त्यांनी अनोळखी माणसाला विचारलं, कारण तिथे लाज आड येत नव्हती. म्हणूनच उत्तर देणाऱ्याने आपण कोण आहोत, आपल्याला कितपत कळतं, हे खरं सांगायला हवं होतं. समोरचा पाहू शकत नाही, त्याने विश्वास टाकलेला असतो.

---

पाऊलखुणा

मी सुरुवातीला 'मनाला लावून घेऊ नकोस' लिहिलं होतं. आता वाचताना कळतंय, तोही न मागितलेला सल्लाच होता. सांजपावली, माफ कर. तू अनुभव मागितले होतेस.

---

सांजपावली

पाऊलखुणा, माफी कसली. मला त्या दिवशी तेही हवं होतं.

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काल मी तिच्याकडे गेले होते. ठरवून गेले की 'महिन्याभरात' या शब्दाबद्दल माफी मागायची. मागितली. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "ते चुकलंच तुझं. पण मी नोकरी सोडणारच होते, तू नको म्हणाली असतीस तरी. मला दुसरंच लागलं होतं. चौदा महिन्यांत तू एकदाही विचारलं नाहीस, मिळाली का म्हणून."

मी सांगितलं की मला वाटायचं, विचारलं तर तुला टोचेल. ती म्हणाली, "मला वाटायचं तू विसरलीस."

आणि मी खरंच विसरले होते. 'टोचेल' हे कारण मी तिथे बसल्या बसल्या तयार केलं, हे तोंडातून निघाल्यावर माझं मलाच कळलं. तेही तिला सांगितलं. उत्तररंगकाका, तुमच्या गुरुवारांबद्दलही सांगितलं. तिने त्या सहकाऱ्याचं वय विचारलं.

---

उत्तररंग

छप्पन्न. तिने विचारल्याचं त्याला कळवतो. आणि सांजपावली, तिच्या सध्याच्या नोकरीत कसं चाललंय?

---

सांजपावली

साहेब बरा आहे म्हणाली, पण काम जागेवरून हलत नाहीये, दुसऱ्या शहरातल्या शाखेत जायचं विचारतायत. मला विचारलं, "काय करू?" मी विचारलं, "ऐकू, की मत हवंय?" म्हणाली, "आधी ऐक. मत पुढच्या आठवड्यात दे, तोवर तिथलं भाडं वगैरे मी काढते आणि तूही कोणाला तरी विचारून ठेव."

रविवारी संध्याकाळी तिला फोन करायचा आहे. त्या शाखेत काम केलेली एक बाई माझ्या ओळखीत निघाली. तिच्याशी उद्या बोलते आहे, मैत्रिणीचं नाव न सांगता.